एकोणतीस टीशर्टांवरचा भोपळा

गणितवाल्यांसाठी दुकान काढायचं असेल तर काढणाऱ्याला गणित फार येऊ नये, असं सूनबाईचं ठाम मत होतं. ज्याला येतं त्याला फक्त चूक की बरोबर एवढंच दिसतं, गंमत दिसत नाही. तिला स्वतःला शाळेत गणितात काठावर पास होण्यापलीकडे काही जमलं नव्हतं, पण चित्रकलेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तिच्या दुकानात पाढ्यांचे मोजे होते, डाव्या पायात सातचा आणि उजव्या पायात आठचा. भिंतीवरचं एक घड्याळ असं होतं की प्रत्येक आकड्याच्या जागी एक उदाहरण, त्यामुळे किती वाजले हे कळेपर्यंत आणखी पाच मिनिटं उलटलेली असत. कंपासपेटीच्या आकाराच्या उशा होत्या. आणि शिक्षकांसाठी खास कप होता, ज्यावर लिहिलं होतं, ‘मी ओरडत नाही, समजावून सांगतेय.’ हा कप घ्यायला मुलं वर्गणी काढून येत आणि देताना मात्र बाईंच्या टेबलावर ठेवून पळून जात.

तिला सगळी गिऱ्हाइकं सूनबाईच म्हणत. कारण दुकानाच्या मागच्या खोलीतून दिवसातून पन्नास वेळा ‘सूनबाई’ अशी खणखणीत हाक येई. ही हाक सासऱ्यांची.

सासरे छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भोपळेसर. हे त्यांचं आडनाव नव्हतं, कर्तृत्व होतं. उदाहरण शेवटपर्यंत बरोबर आलं तर पाचपैकी पाच, आणि कुठेही घसरलं तर भोपळा. मधलं काही त्यांना मान्यच नव्हतं. तो भोपळाही असा सुबक काढायचे की परकाराने काढल्यासारखा वाटावा. मुलं म्हणायची, सर वर्तुळ फळ्यावर वाकडं काढतात, पेपरावर मात्र कधी चुकत नाहीत.

या दुकानात ते आले त्याला एक पिशवी कारणीभूत झाली. सूनबाईने हौसेने एक ते वीसपर्यंतचे वर्ग छापलेल्या पिशव्या काढल्या, आणि सतराचा वर्ग दोनशे एकोणऐंशी छापला. पिशव्या हातोहात खपल्या. चौथ्या दिवशी एक एवढीशी मुलगी आईला ओढत घेऊन आली आणि काउंटरवर हनुवटी टेकून म्हणाली, “काकू, तुमचे दहा कमी पडलेत.” सूनबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच संध्याकाळी तिने सासऱ्यांसमोर खुर्ची ठेवली. त्या वेळी ते घरात बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होते, आणि त्या चुका कुणालाच नको होत्या.

“बाबा, छापायच्या आधी प्रत्येक कागद तुम्ही बघायचा,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही छापायचं नाही.”

त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, चारही पाय टेकतात ना याची खात्री केली, आणि बसले. “माझी एक अट आहे,” ते म्हणाले. “ज्या दिवशी माझ्या डोळ्यांखालून चूक बाहेर जाईल, त्या दिवशी ही खुर्ची रिकामी. मी लेकीकडे जाईन. ती कधीची बोलावतेय.”

तेव्हापासून दीड वर्षात एकही चूक बाहेर गेली नव्हती. आणि सूनबाईला, खरं सांगायचं तर, चुकांची फारशी पर्वाच उरली नव्हती. सासरे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घरातून दुकानाच्या मागच्या खोलीत म्हणजे बरोबर अकरा पावलं चालत ‘कामावर’ यायचे, ते तिला बघायला आवडायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते तिला मोज्यांवरच्या पाढ्यांच्या युक्त्या सांगायचे आणि तिला त्या चक्क समजायच्या. ते लेकीकडे गेले तर तिला करमलं नसतं. शिवाय तिची आणखी एक आशा होती, आणि ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती.

ती आशा तिच्या नवऱ्याबद्दल होती. छपाईचं सगळं काम नवऱ्याकडे. मागच्याच खोलीत, सासऱ्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर त्याचं टेबल, त्यावर जाळीच्या चौकटी, शाईचे डबे, रबराची पट्टी. सासरे नि नवरा, बाप नि लेक, दिवसभर एका खोलीत. आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, फक्त थेट बोलायची पद्धत नव्हती. “सूनबाई, त्याला सांग, वरची ओळ तिरकी गेलीय.” “बाबांना सांग, जाळी तशी ओढली जाते, वाळल्यावर सरळ होईल.” ती मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायची, आणि दोघांनाही एकमेकांचं आधीच ऐकू आलेलं असायचं.

याचं मूळ नववीत होतं. नवरा नववीत असताना वर्गावर बापच शिकवायला होता. सहामाहीत एका उदाहरणात पोराने शेवटाकडे चिन्हं चुकवली आणि बापाने सगळ्या वर्गासमोर पेपर हातात देत सांगितलं, ‘भोपळा. घरचा म्हणून सवलत नाही.’ सवलत कुणी मागितलीच नव्हती. त्या दिवसापासून पोराने बापाला एकही शंका विचारली नाही, गणिताची नाही नि दुसरी कसलीही नाही. आता तो पंचेचाळीसचा होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, तरी ते काही गेलं नव्हतं. एका खोलीत बसून बसून कधीतरी बोलतील, अशी सूनबाईची आशा होती. दीड वर्ष झालं, अजून तिरक्या ओळीच्या पुढे गाडी गेली नव्हती.

दुकानाचा एक नियम होता, तो इथे सांगितलाच पाहिजे. सूनबाई चित्र कागदावर हाताने काढायची. त्यावरून छपाईसाठी काळ्या रंगाची एक चौकट बनायची, कागदावर लाल असेल तर लालची दुसरी. त्यामुळे तपासताना लाल पेन अजिबात चालायचं नाही. तपासायला निळी पेन्सिल, कारण फिकं निळं जाळीवर उतरत नाही. पहिल्या दिवशी सासऱ्यांना हे पटवायला अर्धा तास गेला. “निळ्याने कुणी पेपर तपासतं का,” असं ते तीनदा म्हणाले, चौथ्यांदा पेन्सिल घेतली. पण खिशातलं लाल पेन काही त्यांनी काढलं नाही. ते नुसतंच असू दे म्हणाले.

आणि मग ते एकोणतीस टीशर्ट आले.

जवळच्याच शाळेतल्या दहावीच्या वर्गाने आणले होते, आपापल्या घरचे पांढरे, आत कॉलरपाशी प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. पुढारी एक चष्मेवाली होती, बोलायला लागली की चष्मा नाकावरून घसरणारी आणि तो वर करायलाही न थांबणारी. त्यांच्या गणिताच्या बाई दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होत्या. बाईंनी दोन वर्षांपूर्वी पहिल्याच तासाला फळ्यावर एक गणित लिहिलं होतं, ज्यात शेवटी दोन बरोबर एक असं सिद्ध होतं. सगळं नीट, ओळीखाली ओळ, आणि शेवटी दोन बरोबर एक. बाई म्हणाल्या होत्या, ‘यात एक चूक आहे. घरी विचारायचं नाही, कुठे शोधायचं नाही. मी जायच्या आत तुम्ही शोधायची.’

“आणि सापडली?” सूनबाईने विचारलं.

“नाही ना काकू,” चष्मेवाली म्हणाली. “दोन वर्षं झाली. पण आम्ही खरंच कुणाला विचारलं नाही. म्हणून पुढे ते गणित छापायचं, आणि मागे लिहायचं, ‘बाई, अजून शोधतोय.’ आणि काकू, अक्षर वहीतल्यासारखं हवं. समास आखलेला.”

सूनबाईला कल्पना फार आवडली. तिने मुलीच्या वहीवरून हुबेहूब उतरवलं. डावीकडे समासाची रेघ, आखीव ओळी, मुलांचं गोल गोल अक्षर.

अ = ब
अ² = अब
अ² − ब² = अब − ब²
(अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब)
अ + ब = ब
२ब = ब
२ = १

एवढं करून तिने कागद सासऱ्यांच्या टेबलावर ठेवला आणि कपांची ऑर्डर पोहोचवायला बाहेर गेली. जाता जाता म्हणाली, “बाबा, हे जरा बघून ठेवा.” यात मुद्दाम चूक आहे, हे सांगायचं राहून गेलं. माणूस घाईत असला की नेमकं तेच राहतं.

आता सासऱ्यांच्या बाजूने बघा. समोर वहीचा कागद. समास. मुलाचं अक्षर. शेवटी दोन बरोबर एक. छत्तीस वर्षांचा हात हो, त्याला कुठली निळी पेन्सिल आठवते. पाचव्या ओळीभोवती लाल वर्तुळ पडलं. समासात शेरा पडला, ‘शून्याने भागलेत. पुन्हा सोडवा.’ आणि वर उजव्या कोपऱ्यात, परकाराने काढल्यासारखा सुबक भोपळा, खाली रेघ, रेघेखाली पाच. मग समाधानाने त्यांनी कागद ‘तपासलेले’ या ट्रेमध्ये टाकला आणि दुपारची डुलकी काढायला घरात गेले.

नवऱ्याने ट्रेमधून कागद उचलला. काळं आहे, लाल आहे, म्हणजे दोन चौकटी. बापाचं अक्षर त्याने ओळखलं नाही असं नाही. त्या भोपळ्याला जगात तो एकटाच इतक्या जवळून ओळखत असेल. त्याला वाटलं, हीच तर गंमत असणार, मुलांना मास्तरांचा खरा शेरा हवा असेल आणि बायकोने तो बाबांकडूनच लिहून घेतला असेल. भिंतीपलीकडे बाप झोपला होता. उठवून एक वाक्य विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायची पद्धतच नव्हती. त्याने दोन्ही रंग एकोणतीस टीशर्टांवर छापले, मागचा मजकूर छापला, आणि दोरीवर वाळत घातले. छपाई अगदी झकास आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घड्या घालायला बसलेल्या सूनबाईने पहिला टीशर्ट उलगडला आणि कोपऱ्यात लाल भोपळा दिसला. दुसरा उलगडला. तिसरा. मग बाकीचे उलगडायची गरज नव्हती.

“इकडे या जरा,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाज इतका शांत होता की तो हात पुसतच आला.

“चांगले आलेत की,” तो म्हणाला. “लाल जरा खुललाय.”

“हा लाल कुणी काढायला सांगितला?”

तो टीशर्टाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग चार हातांवरच्या रिकाम्या खुर्चीकडे. “तू नव्हतं सांगितलंस?” त्याने विचारलं, आणि उत्तर त्यालाच कळलं. तो तिथेच एका डब्यावर बसला.

“पुसता येईल?”

“कपड्यावरची शाई आहे. धुवून धुवून शर्ट फाटेल, ही जायची नाही.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाबांना सांगू नकोस.”

हे तो का म्हणाला, ते सूनबाईला नीट कळलं नाही. बापाला लागेल म्हणून, की बाप निघून जाईल म्हणून. पण त्याच्या तोंडून बाबांची काळजी निघाली, हेच दीड वर्षात पहिल्यांदा घडत होतं, आणि तेही अशा भलत्या वेळी. तिने घाईघाईने सगळे टीशर्ट उपडे घालायला सुरुवात केली. सासरे यायच्या आत मुलीच्या हवाली करायचे, तिच्या पाया पडायची वेळ आली तर पडायचं, आणि बाबांना काही कळू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

पण चष्मेवाली साडेनऊ म्हणाली होती आणि सव्वानऊलाच आली. तिने टीशर्ट हातात घेतला, वाचला, आणि पहिल्यांदाच चष्मा वर केला. 

“शून्याने,” मग हळूच म्हणाली. “अ आणि ब सारखेच. म्हणजे अ वजा ब शून्य. म्हणजे आपण दोन्हीकडून शून्य काढून टाकलं.” तिच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही उजळलं की सूनबाईला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्याच क्षणी ते विझलं. “काकू, आम्हाला कुणी सांगायचं नव्हतं. आजचा दिवस होता अजून. मी आज सकाळीपण सोडवत होते.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती शर्टाच्या बाहीची घडी घालत राहिली.

“कुणी सांगितलं?” मागून आवाज आला. दारात सासरे उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. सूनबाईने टीशर्ट पाठीमागे लपवला, पण एक मुलीच्या हातात होता आणि टेबलावर अजून सत्तावीस होते.

त्यांनी सगळं ऐकलं. मुलीने दोन वर्षांची हकिगत पुन्हा सांगितली, कारण त्यांनी विचारली, आणि मास्तरांनी विचारलं की मुलं सांगतात. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “छत्तीस वर्षांत मी कुणाला उत्तर सांगितलं नाही. परीक्षेत मुलं माझ्याकडे बघून रडली, तरी सांगितलं नाही. आणि आज एका वर्गाचं उत्तर फोडलं.” त्यांनी निळी पेन्सिल उचलली आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली. “सूनबाई, त्याला सांग, संध्याकाळच्या गाडीचं बघ.”

नवरा तिथेच होता.  पाठ फिरवून चौकट धुवायला लागला, आणि ती कालच धुवून झाली होती.

“आता तुमच्या बाईंकडे चला,” सासरे मुलीला म्हणाले. “मला कबूल करायचंय.”

असे ते तिघं निघाले, हातात एकोणतीस टीशर्टांचे गठ्ठे. वाटेत सूनबाईच्या डोक्यात नुसता कल्लोळ होता. चूक तिची, नवऱ्याची आणि बाबांची, तिघांची मिळून, पण जाणार एकटे बाबा. हे कुठलं गणित, असं तिला त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण ते रस्त्याने इतके ताठ चालले होते की बोलायची सोय नव्हती.

शाळेत मुलांनी टीशर्ट बघितले, आपापसात कुजबुज झाली. घालायचे की नाही यावर मतं घेतली गेली. शेवटी चष्मेवाली म्हणाली की जे झालंय ते बाईंना दाखवायचं, लपवायचं नाही. तेव्हा सगळ्यांनी घातले. सभागृहात एकोणतीस मुलं रांगेत उभी राहिली, प्रत्येकाच्या छातीवर दोन बरोबर एक, आणि प्रत्येकाला पाचपैकी भोपळा.

बाई आल्या. बुटक्या, चटपटीत, बाहीला खडू लागलेला. रांगेसमोर थांबल्या, पहिल्या मुलाच्या छातीवरचं वरपासून खालपर्यंत वाचलं, मग त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि पाठ वाचली. ‘बाई, अजून शोधतोय.’ पुन्हा फिरवलं. ‘शून्याने भागलेत.’ त्यांना हसू आवरेना. त्या खुर्चीचा आधार घेऊन हसल्या, आणि हसता हसताच विचारलं, “हे कुणाचं काम?”

“माझं,” सासरे पुढे होऊन म्हणाले. कसलीही सबब न सांगता त्यांनी सगळं सांगितलं. वहीचा कागद, लाल पेन, सवय. “मुलांचा दोष नाही. त्यांनी शब्द पाळला. तो मी मोडला. माझी चूक आहे.”

“एवढंच ना,” बाई म्हणाल्या. “अहो, चूक कुठे आहे ते तुम्ही सांगितलंत. चूक का आहे, ते कुठे सांगितलंत?” त्या मुलांकडे वळल्या. “शून्याने भागायचं का नाही? भागलं तर काय बिघडतं? सांगा बघू.”

 एकोणतीस तोंडं उघडली आणि बंद झाली. तिसावं तोंड सासऱ्यांचं होतं. तेही उघडलं.

“सर, तुम्ही नाही,” बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी तोंड मिटलं. लग्नाच्या वीस वर्षांत सूनबाईने त्यांना कुणी गप्प केलेलं पाहिलं नव्हतं.

“तर पाठीवरचं अजून खरं आहे,” बाई मुलांना म्हणाल्या. “मी घरीच असणार आहे. सापडलं की यायचं.” चष्मेवालीच्या नाकावरचा चष्मा घसरला आणि तिने तो तसाच राहू दिला, यावरून ती शोधायला लागली हे कळलं. सूनबाईचा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा अजून बाहेरच होता.

पण बाईंचं झालं नव्हतं. त्या चष्मेवालीच्या समोर वाकल्या आणि तिच्या छातीवरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “सर, हे शून्य मात्र मला पटलं नाही.”

“उत्तर चुकलंय,” सासरे म्हणाले.

“पहिली ओळ?”

“बरोबर.”

“दुसरी? तिसरी? चौथी?”

“बरोबर आहेत. पाचवीत घसरलं. आणि एकदा घसरलं की मी पुढचं तपासत नाही.”

“पुढचं नकाच तपासू,” बाई म्हणाल्या. “पण मागचं? चार पायऱ्या पोर नीट चढलंय. पाचवीवर पाय घसरला, तर तुम्ही त्याला थेट अंगणात नेऊन ठेवता?” त्यांनी हात पुढे केला. “द्या ते पेन.”

सासऱ्यांनी खिशातलं लाल पेन काढून दिलं. बाईंनी मुलीच्या टीशर्टावरच्या भोपळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी चार लिहिले. मग पेनाला टोपण लावून परत दिलं. सासरे त्या चाराकडे बघत उभे राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मग भाषणं झाली, हार झाले, मुलांनी बाईंना पाढ्यांचे मोजे दिले आणि बाईंनी ते तिथेच चढवले. सासऱ्यांचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं.

परत येताना ते ताठ चालत नव्हते. अर्ध्या वाटेवर थांबले. “सूनबाई,” म्हणाले, “नववीच्या सहामाहीतलं ते उदाहरण. तुला माहीत असेल.”

“ऐकलंय,” ती म्हणाली.

“ते शेवटाकडे चुकलं होतं. शेवटाकडे, एवढंच आठवतंय मला. त्याच्या आधीचं मी बघितलंच नाही.” ते पुन्हा चालू लागले. “तीन तरी द्यायला हवे होते. निदान तीन.”

दुकानात आले तेव्हा नवरा नळापाशी उभा होता. तीच चौकट, तिसऱ्यांदा. त्याने वळून बघितलं नाही, पण नळ बारीक केला. टेबलावर गाडीचं वेळापत्रक उघडं पडलं होतं. सगळ्या गाड्यांवर त्याने निळ्या पेन्सिलीने काट मारून ठेवली होती.

सासऱ्यांनी ते बघितलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. “सूनबाई, त्याला सांग,” ते म्हणाले, “त्या उदाहरणात त्याला तीन गुण द्यायला हवे होते.”

कुठलं उदाहरण, असं नवऱ्याने विचारलं नाही.

“बाबांना सांग,” तो नळाकडे बघत म्हणाला, “तीन नाही. चार.”

“चार कसे?”

“दोन संख्यांची बेरीज सत्तावीस, गुणाकार एकशे ब्याऐंशी,” नवरा म्हणाला. पाणी वाहत होतं, त्यावरून त्याचा आवाज सपाट येत होता. “पहिली संख्या क्ष मानू. ही एक ओळ. म्हणून दुसरी संख्या सत्तावीस वजा क्ष. दोन. क्ष गुणिले सत्तावीस वजा क्ष बरोबर एकशे ब्याऐंशी. तीन. क्षवर्ग वजा सत्तावीस क्ष अधिक एकशे ब्याऐंशी बरोबर शून्य. चार. मग मी अवयव पाडले, आणि दोन्ही कंसांत वजाच्या जागी अधिक लिहिलं.”

सासरे एकेक बोट उघडून मोजत ऐकत होते. चार बोटं झाली होती. पाचवं त्यांनी उघडलं नाही. तीस वर्षं पोराने पेपर पाठ ठेवला होता, चुकीसकट.

सूनबाई दोघांच्या मध्ये उभी होती, नेहमीच्या जागी. तिचे डोळे भरून आले होते आणि हातात काही काम नव्हतं.

“सूनबाई, त्याला सांग,” म्हणून सासऱ्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. मग तिला हाताने हळूच बाजूला केलं, दोन पावलं पुढे गेले आणि लेकाकडे बघून म्हणाले, “चार. पाचपैकी चार.”

नवऱ्याने नळ बंद केला.